चौदा किलो

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी ही वही ठेवायला सांगितली आहे. आठवड्यातून दोनदा आत्याबाईंची साखर तपासायची आणि तारीख टाकून आकडा लिहायचा. दोनशे पानी वहीत नुसते आकडे लिहिले तर ती माझ्या नातसुनेपर्यंत पुरेल. म्हणून उरलेल्या जागेत माझं मी लिहिणार आहे. आमच्या घरात वही उघडणारी मी एकटीच, त्यामुळं भीती नाही.

आज उपाशीपोटी २१४. वजन ६३ किलो.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धुरपदा. वय एकसष्ट-बासष्ट, नक्की त्यांनाही ठाऊक नाही. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून शाळेत साखर तपासायची टूम निघाली आणि तिथं आमच्या सगळ्या निमोणे गावात आत्याबाईंचा पहिला नंबर आला. "तिळगूळ खाल्ला की मी आत्ताच. त्याची साखर हाय ती," म्हणाल्या. आज उपाशी तपासली तर ही.

मामंजी म्हणाले, "मग आता काय करायचं?" आणि त्यांनी, आत्याबाईंनी, दत्तानं, तिघांनी माझ्याकडं बघितलं. (दत्ता म्हणजे माझे मालक. तोंडानं कधी नाव घेत नाही, वहीत घेते.) खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. या घरात येऊन सोळा वर्षं झाली. आजपर्यंत मिठाचा पुडा फोडायचा तरी आत्याबाईंना विचारावं लागायचं.

२१ जानेवारी, मंगळवार

१९८. गोळी सुरू आहे, पण नुसत्या गोळीवर विसंबून राहणाऱ्यातली मी नाही. तीन रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि कागदावर यादी करून स्वयंपाकघरात चिकटवली. साखर, गूळ, भात, बटाटा, केळी बंद. डाळ जड म्हणून बंद. शेंगदाण्याचा कूट तेलकट म्हणून बंद. अंडी उष्ण पडतात, दुधानं वजन वाढतं, तेही बंद. सकाळी कारल्याचा रस, दुपारी एक भाकरी आणि मेथी, संध्याकाळी दुधीचं पाणी. असं केलं तर साखर पळूनच गेली पाहिजे.

आत्याबाई कारल्याचा रस पिताना माझ्याकडं अशा बघतात की मी सावत्र सासू आणि त्या कोवळी सून. आज म्हणाल्या, "शितल, मटकीची उसळ दे की वाटीभर. पोटात नुसता खड्डा पडल्यावानी वाटतंय."

"यादीत न्हाई ती आत्याबाई."

गप्प बसल्या. आत्याबाई माझ्या बोलण्यावर गप्प बसल्या, हे वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

१६७. वजन ६०.

आज त्यांचं मळ्यातलं काम बंद केलं. झेंडूत खुरपणी चालू होती. तुळजाबाई शेजारच्या बांधावर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "आगं शितल, सून घरात आसताना साखरेची म्हातारी राबती व्हय?" बाकीच्या बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच आत्याबाईंच्या हातातून खुरपं घेतलं आणि म्हणाले, "उठा. आजपासून तुम्ही बसून खायचं."

"बसून खाऊन काय करू?"

"आराम करा. चाळीस वर्षं केलं तेवढं बास झालं."

खुरपताना प्रत्येक बाई एकेक पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा, आणि उकिडवी बसून सरकत पुढं जाते. आमच्या मळ्यात पुढची पात कायम आत्याबाईंची. त्या आपली पात संपवून माघारी यायच्या, माझ्या समोर बसून माझी उरलेली पात उरकायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माहेरी काय नुसत्या पोथ्याच वाचल्या का गं?" सोळा वर्षं हे ऐकलं. आज पुढची पात मी धरली. दिवसभर हलकं वाटत होतं.

काळजीपोटीच केलं मी हे.

२ मे, शुक्रवार

१३८. वजन ५५. अडीच महिने आकडेच लिहिले, बाकी लिहायला वेळ नव्हता.

आत्याबाईंना जमिनीवरून उठताना त्रास होतो. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला, असं करत उठतात. परवा तर पाटावरून उठताच येईना, मामंजींनी बगलेत हात घालून उठवलं. मी लगेच दत्ताला सांगितलं की उंच पलंग आण, हातांची खुर्ची आण आणि खुर्चीचा संडास बसव. त्यानं तिन्ही गोष्टी केल्या. रांजणगावच्या कंपनीत त्याच्या शिफ्टमधले सगळे म्हणाले, आईचं एवढं करणारं पोरगं बघितलं नाही. करून घेणारी कोण, ते त्यांना काय माहीत.

आता त्यांना खाली बसायची गरजच उरली नाही. जेवण खुर्चीवर, टीव्ही खुर्चीवर, लसूण सोलायचा तोही खुर्चीवर. मामंजी मधेच म्हणाले, "ती खंगल्यावानी दिसती गं."

"मामंजी, ती चरबी उतरली. साखरेला ते चांगलं आसतंय."

मामंजी माझ्याशी वाद घालत नाहीत. मळ्यात निघून गेले.

२५ जुलै, शुक्रवार

१२१. वजन ५१.

नागपंचमीच्या बांगड्या भरायला रंगुबाई कासारीण आली होती. पंचवीस वर्षं ती आत्याबाईंना दोन-आठच्या बांगड्या भरते. आज त्या हातातून गळून पडल्या. दोन-सहाच्या काढल्या, त्याही खळखळ वाजत बसल्या. रंगुबाईनं त्यांचा पंजा उलटा करून बघितला, अंगठ्याखालचा भाग दाबला. "हितलं मांस कुठं गेलं वो धुरपदाबाई?"

मी म्हणाले, "यादीनं गेलं." आम्ही हसलो. आत्याबाईही हसल्या, पण उशिरा.

आजकाल त्यांना डब्याचं झाकण उघडत नाही. पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलतात आणि मधे एकदा खाली ठेवतात. वय झालं. मी सांगितलं, कळशीला हात लावायचा नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

१०९! शिरूरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि खुर्चीवर मागं रेलले. जानेवारीत साडेनऊ होती, आता साडेसहा. म्हणाले, "आज्जी, सून चांगली मिळाली तुम्हाला." वजन ४९. म्हणजे चौदा किलो कमी. मी मनातल्या मनात दोनदा वजाबाकी केली.

सहज म्हणून माझीही तपासली. ११८ आली. डॉक्टर म्हणाले, सीमेवर आहे, लक्ष ठेवा. मला काय धाड भरली आहे. जिना चढताना मांड्या भरून येतात तेवढंच, ते धावपळीनं.

येताना एसटीची पायरी आत्याबाईंना चढेना. कंडक्टर ओरडला, "आज्जी, उरका की." मी मागून ढकललं तेव्हा हाताला त्यांचं नुसतं हाड लागलं. घरी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना एवढी आनंदाची बातमी मिळून तोंड असं का, ते मला कळलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गुरुवारी न्हावऱ्याला महिला आरोग्य मेळावा आहे. 'घरच्या घरी मधुमेहावर मात' असा विषय आणि बोलणार मी. शाल, श्रीफळ आहे. आत्याबाईंनाही स्टेजवर आणा म्हणाले होते. त्या नको म्हणाल्या.

वर संध्याकाळी वाद काढला. "बेस्तरवारी तू न्हाईस तर शेवंती खुरपायला मी जाते. गवत माजलंय."

"आत्याबाई, बायका लावल्यात शुक्रवारी."

"मला माझ्या मळ्यात जायला तुझी चिठ्ठी लागती का?"

लागते, असं मी म्हणाले. ते म्हणायला नको होतं. पण मेळाव्यात मी त्यांच्या तब्येतीवर बोलायचं आणि त्या मळ्यात मातीत लोळायच्या, हे कसं दिसेल? घरातली दोन्ही खुरपी मी माळ्यावर टाकली. रागावल्या की त्या पाठ फिरवून बसतात आणि दोन दोन दिवस बोलत नाहीत. पूर्वी तर मळ्यात पातीतच मधे अशा बसून राहायच्या, आणि आम्ही सगळ्या बायका वळसा घालून पुढं जायचो. आज खुर्ची भिंतीकडं फिरवून बसल्या आहेत. बसू देत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहीत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल मी मेळाव्याला गेल्यावर आत्याबाई मागच्या शेवंतीत खुरपायला गेल्या. कुठूनतरी जुनं खुरपं काढलं होतं. उकिडव्या बसल्या आणि परत उठताच आलं नाही. पाय लटपटून आडव्या झाल्या, तशाच पडून राहिल्या. मामंजी सकाळपासून बैल दाखवायला गेले होते, अकरा वाजता आले, तेव्हा त्यांना दिसल्या. मोडलं काही नाही. ऊन लागलं होतं, तोंड कोरडं पडलं होतं, लुगड्यातच सगळं झालं होतं. शिरूरला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, रात्री सोडलं.

मला फोन आला तेव्हा खांद्यावर शाल होती. अकरा बायकांना मी माझी यादी कागदावर लिहून देत होते.

मामंजींनी रात्री विचारलं, "सकाळी तू कुठल्या वाटेनं गेलीस?"

"पुढच्या. डांबरीनं."

"बरं," म्हणाले.

आमचं घर मळ्यातच आहे. पुढं डांबरी आहे आणि मागच्या बांधावरून गेलं की एसटीचा थांबा जवळ पडतो. पण परवाच्या पावसानं बांध सगळा चिखल झालाय. मेळाव्याला घातलेल्या टाचेच्या चपला आज सकाळी मी घासून धुतल्या.

मामंजीही आज उजाडायच्या आत उठले आणि फावड्यानं अख्खा बांध ओढून सारखा केला. खुरपणी, दवाखाना, सगळं सोडून या माणसाला आत्ताच बांध कशाला सुचला, देव जाणे.

२१ सप्टेंबर, रविवार

खुटबावहून वन्सं आल्या. माझी नणंद साई, आत्याबाईंची एकुलती एक लेक. आईला उताणं झोपवलं, लुगडं वर करून तिच्या पोटरीभोवती दोन्ही हातांची बोटं मिळवली. बोटं मिळून वर जागा उरली. मांडीवरची कातडी चिमटीत धरून ओढली तर कापडासारखी हातात आली.

"वहिनी, हिला काय घालत होतीस गं?"

मी वही दाखवली. आकडे दाखवले. २१४ पासून १०९. वन्संनी पानं उलटली नाहीत, देवाची कृपा.

"मी आकडे बघायला आले न्हाई," म्हणाल्या, आणि आईच्या लुगड्यांचे दोन जोड पिशवीत भरले. मामंजींनी अडवलं नाही. आत्याबाईंना गाडीत बसवायला दत्तानं उचललं. एकोणपन्नास किलोंचं माणूस उचलायला त्याला दमही लागला नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "शेवंतीला पाणी जास्ती सोडू नका."

उद्या घट बसतील. दरवर्षी माळ त्या ओवतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

आठ दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. वहीला तरी खरं सांगते.

मी मागच्या बांधानं गेले होते. चिखलात माझ्या टाचांचे ठसे उमटले असणार, आणि मामंजींनी ते बघूनच बांध सारखा केला असणार. साडेसात वाजले होते, आठची एसटी पकडायची होती. सहाव्या सरीत आत्याबाई उकिडव्या बसल्या होत्या, माझ्याकडं पाठ करून. खुरपं हातात होतं, पण हात हलत नव्हता. मला वाटलं रुसून बसल्या. पातीत बसून राहायची जुनी खोड. मला आधी राग आला, माझ्या मेळाव्याच्या दिवशी मुद्दाम करतात म्हणून. मी थांबले. त्यांनी वळून बघितलं. मग एक हात वर केला.

तो हात कशासाठी केला होता, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे. 'जा' म्हणून की 'ये' म्हणून? त्या वेळी मला 'जा' वाटला, कारण मला जायचं होतं. मी गेले. साडेतीन तास ते माणूस तिथं होतं. त्या वेळात मी माईकवर सांगत होते की मी त्यांचे चौदा किलो उतरवले, आणि बायका टाळ्या वाजवत होत्या.

अजून एक आहे, तेही लिहिते. बांधावर थांबले तेव्हा एक क्षण मला वाटलं होतं की काहीतरी चुकतंय. त्यांचे गुडघे थरथरत होते, ते मी पाहिलं होतं. पाहून गेले.

८ ऑक्टोबर, बुधवार

वन्संचा फोन आला की दौंडला नवीन डॉक्टरीणबाईंकडं न्यायचंय, गोळ्यांचे कागद घेऊन ये. न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडून खुटबाव, तिथून आत्याबाईंना घेऊन दौंड. वाटेत वन्सं खिडकीकडं तोंड करून बसल्या. आत्याबाई मधे बसल्या होत्या, दोघींचा हात धरून.

डॉक्टर सायली व्यायामाच्या डॉक्टर आहेत. वयानं माझ्याहून लहान. आत्याबाईंच्या मुठीत एक यंत्र देऊन जोरात दाबायला लावलं. काटा जेमतेम नऊ किलोवर गेला. मग म्हणाल्या, "आज्जी, हात छातीशी बांधा आणि खुर्चीवरून उठा. पाच वेळा." आत्याबाईंना एकदाही उठता आलं नाही. तीनदा पुढं झुकल्या, तीनदा मागं पडल्या. चौथ्यांदा झुकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळा वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं, मामंजींच्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही.

मी डॉक्टरांपुढं सगळं सांगितलं. यादी, पलंग, खुर्ची, मळा बंद. बांधाचं सोडून सगळं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "साखर तुम्ही उतरवली, ते चांगलंच केलं. पण चौदा किलोंत चरबी किती आणि मांस किती, हे कुणीच बघितलं नाही. आपण जेवतो त्यातली बरीचशी साखर मांड्या, पोटऱ्या, दंड इथले स्नायूच वापरतात. मधुमेहात ते तसेही इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि त्यांची ताकद कमी होते. त्यांना दोनच गोष्टींनी टिकवता येतं, काम आणि डाळ-उसळ-अंडी-दूध. आज्जींच्या या दोन्ही गोष्टी बंद होत्या."

"म्हंजी मी बंद केल्या," मी म्हणाले.

"शिरूरच्या डॉक्टरांनीही विचारायला हवं होतं. आम्ही सगळेच वजन उतरलं की खूष होतो."

मी वीस वर्षं म्हशीचं दूध डेअरीला घालते, माहेरीही घालायचे. नुसत्या लिटरावर कुणी दूध घेत नाही, फॅट बघतात, डिग्री लावून पाणी किती ते बघतात. माणसाचं मात्र मी नुसतं वजन केलं.

मग त्यांनी मलाच विचारलं, "तुमची साखर?" मी सीमेवर म्हणाले. "बसा या खुर्चीवर." हात बांधून पाच वेळा उठले. चौथ्या खेपेला मांडी थरथरली. घड्याळ बघून म्हणाल्या, "छत्तीस वर्षांच्या, मळ्यात काम करणाऱ्या बाईला एवढा वेळ लागायला नको. सीमेवर असतानाच काहींची ताकद कमी व्हायला लागते. तुम्हीही व्यायाम करायचा आणि औषधाचं विचारून घ्यायचं." वन्संनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

आत्याबाईंच्या मूत्रपिंडाची तपासणी झाली, ते ठीक आहे. त्यामुळं डाळ, उसळ, अंडी चालू करायला सांगितलं. रोज दोन वेळा व्यायाम. "किती दिवसांत पहिल्यासारख्या होतील?" मी विचारलं.

"पहिल्यासारख्या होतील असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "गेलेलं सगळं परत येत नाही. थोडं येतं."

१६ नोव्हेंबर, रविवार

दर रविवारी खुटबावला जाते. मटकीची उसळ घेऊन जाते. आत्याबाई वाटी पुसून खातात. पहिल्या आठवड्यात पलंगाच्या काठावर दोन उशा ठेवून उठायच्या, आता एक उशी. साखर थोडी वर गेली, १२६. आधी मी असा आकडा बघून जेवले नसते.

मधल्या दिवसांत यादी परत मागायला फिरले. मेळाव्यात अकराजणींना दिली होती. दारोदार जाऊन सांगितलं, माझं चुकलं, डाळ बंद करू नका, म्हातारीला बसवून ठेवू नका. नऊ कागद परत मिळाले. एकीनं हरवला म्हणून सांगितलं. तुळजाबाईंनी दिला नाही. "तुझ्या सासूला बाधलं आसंल. माझी सासू कशी चांगली बारीक झाली, बघ," म्हणाल्या. ओसरीवर त्यांची सासू खुर्चीत बसली होती. मी तिच्याजवळ गेले, पोटरीला हात लावला. तुळजाबाई म्हणाल्या, "आता ही कसली थेरं?" मी उद्या परत जाणार आहे. हाकलेपर्यंत जाणार आहे.

दत्ताला सांगावं असं रोज वाटतं. तो म्हणतो, "तू आईचं किती केलंस, नशीब आपलं." मग मी म्हशीला वैरण टाकायला उठते.

२१ डिसेंबर, रविवार

आत्याबाई परवा घरी आल्या. वन्संनी पोहोचवलं आणि जाताना मला म्हणाल्या, "वहिनी, तिला हवं ते करू दे." खुर्चीवरून हात न लावता दोनदा उठतात. काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारतात. वजन ५१.

आज सकाळी म्हणाल्या, "चल, मला शेवंतीत ने."

तोडणी चालू आहे, बायका पलीकडच्या टोकाला होत्या. बांधावरून मी त्यांना घेऊन गेले. सहावी सर मला लवकर ओलांडून जायची होती. त्या तिथंच थांबल्या, काठी मातीत रोवली आणि हळूहळू, काठीला दोन्ही हात लावून, खाली उकिडव्या बसल्या. चार फुलं तोडली. ओटीत टाकली.

मला राहवलं नाही. "आत्याबाई, त्या दिवशी मी तुम्हाला बघितलं होतं. हितनंच गेले मी. डांबरीनं गेले म्हणून खोटं बोलले."

"ठावं हाय मला."

"मग वन्संना का न्हाई सांगितलं? मामंजींना?"

"काय सांगू? मी हात केला, जा म्हणून. तू गेलीस. तुझं काय चुकलं त्यात?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला ओळखू आला असता, सोळा वर्षांची सवय आहे. त्या खरंच तसं म्हणत होत्या, आणि मला तिथं उभं राहवेना.

"उठता येत न्हवतं, तर जा कशाला म्हणला?"

त्यांनी अजून एक फूल तोडलं. "ये म्हणले आसते तर तू उचलून घरी न्हेलं आसतंस. खुर्चीत बसवलं आसतंस. मग परत मला ह्या मळ्याचं तोंड दिसलं आसतं का? म्हणलं, बघू जरा. येईल उठता."

म्हणजे त्या उन्हात माझ्यामुळं पडल्या, हे मी समजत होते ते तेवढंच नव्हतं. उठता येत नसतानाही त्यांना माझी मदत मातीत पडून राहण्याहून वाईट वाटली होती. मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. रडणं संपेपर्यंत फुलं तोडत राहिल्या.

मग काठी बाजूला ठेवली. "आता उठायचंय मला. हात लावू नको."

"पडाल."

"पडंन. तू नुसती हितं उभी ऱ्हा."

दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पुढं झुकल्या. अर्ध्यात आल्या आणि परत खाली बसल्या. दुसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही. गुडघे थरथरायला लागले, तसेच, त्या दिवशीसारखे. माझे हात आपोआप पुढं गेले, मी ते मागं घेतले. पलीकडून बायका बघत होत्या. एकजण ओरडली, "आगं शितल, धर की म्हातारीला."

आत्याबाईंनी वर बघितलं नाही. श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा झुकल्या. मी तिथंच उभी राहिले.